डोक्यातलं सोनं

सन बत्तीसमध्ये सोन्याचे भाव भडकले, तेव्हा नाशकातले धोंडूशेठ सराफ दुकानातला केरही जिवापाड जपायचे. अब्बास झारेकरी तो केर जाळायचा, राखेत पारा घोळायचा, तेजाबात उकळायचा आणि सोन्याची गोळी काढून शेठांच्या हातावर ठेवायचा. यंदा मात्र गोळी मोहरीएवढी निघाली.

"केराला काय बघता, शेठ? कारागिरांची डोकी बघा," अब्बास म्हणाला. "तेल चोपडून येतात अन् सोन्याचा कीस लागलेल्या हातांनी दिवसभर डोकं खाजवतात. घरी बायका परातीत डोकी धुतात, त्या गाळात सोनं निघतं."

शेठांनी तडक रामकुंडावरून पुंजा न्हाव्याला बोलावलं आणि दुकानातच सगळ्यांचं चकोट करायला बसवलं.

"शेठ, माझा बाप जित्ता हाय," केरू कारागीर कळवळला. शेठ ऐकतात कसले! शेवटचं डोकं गुळगुळीत झालं, तसे ते खुशीत मजुरी द्यायला उठले.



"राहू द्या, शेठ," सगळे केस धोतराच्या सोग्यात गच्च बांधत पुंजा म्हणाला, "सराफाच्या कारागिरांची हजामत आम्ही फुकटच करतो."