काळं तांबं

“मी हात लावलेला नाही. आईची शपथ,” सुमंतराव म्हणाले. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

दमयंतीबाईंनी काचेची नळी उजेडाला धरली. आतला तांब्याचा कीस काल मळकट लालसर होता, आज तव्याच्या बुडासारखा काळा. साखर कारखान्याचे चेअरमन भिमाजी प्रयोगशाळेत शेजारीच उभे होते. मळीच्या अल्कोहोलची वाफ तापल्या धातूवरून नेली की तिचं महागडं रसायन होतं; धातू खर्ची पडत नाही, नुसता काम करवून घेतो. कारखान्याच्या नव्या रसायन विभागात सुमंतरावांची चांदी घालायची की बाईंचं तांबं, ते आज ठरायचं होतं.

चांदीच्या जाळीवर सुमंतरावांनी उमर घालवली होती. तिच्या कपाटाची किल्ली ते जानव्याला बांधत. आणि ही काल-परवा आलेली बाई नगरच्या तांबटाकडून कीस काय आणते, चेअरमन तिला ‘ताई’ काय म्हणतात. काल सगळे गेल्यावर सुमंतरावांनी तो कीस बर्नरवर धरून पार काळाठिक्कर केला होता.

“ऱ्हाऊ द्या, ताई,” भिमाजी म्हणाले. “चांदी तर चांदी.”

“एकदा चालवून बघते.”

वाफ सुटली. कीस एका टोकापासून लाल होत गेला, चकाकू लागला. उग्र वास खोलीभर पसरला. एवढं रसायन आजवर ना तांब्यानं दिलं होतं ना चांदीनं.

बाईंनी रसायनाचं माप वहीत टिपलं. “माझं तांबं काजळी धरून मरत चाललं होतं. आज मी हार मानायलाच आले होते. कुणीतरी जाळलं म्हणून काजळी गेली, आणि काळं पडलेलं तांबं अल्कोहोलच्या वाफेनं नवं केलं.”

काळं तांबं त्या वाफेत पुन्हा लाल होतं, हे कॉलेजातल्या पोरालाही ठाऊक असतं. जळफळाटात सुमंतराव तेवढंच विसरले होते.

“शोध त्या माणसाचा आहे,” बाई म्हणाल्या. “माझ्याआधी त्याचं नाव लागायला हवं.”

“लावू की. इभागाच्या पाटीवर पयलं नाव त्येचंच,” भिमाजी म्हणाले. “पर त्यो हाय कोन?”

सुमंतरावांनी तोंड उघडलं.

“तुमाला न्हाई इचारत, सुमंतराव,” भिमाजी म्हणाले. “तुमी तर आईची शपथ घेतलीया.”