उपयोगाचा रकाना

"मॅडम, अंजनीले काहून नेता? ती काय पाहीन?" श्रीरंगनं विचारलं.

"तू पाहून कोणते दिवे लावले रे?" जया फिसकन हसली. "काल कडुनिंबाले आंबा लिहून आला!"

सहावीचा सगळा वर्ग खिदळला. अंजनीही हसली. पण ती सगळ्यांच्या आधी दारात जाऊन उभी होती. जन्मापासून डोळ्यांना दिसत नव्हतं तिला, पण दार तिला सगळ्यांच्या आधी सापडायचं.

राइट टाउनमधल्या त्या शाळेसमोरचा रस्ता रुंद होणार होता. रस्तेवाल्या साहेबांनी मुलांना एक फॉर्म दिला होता. झाडाचं नाव, खोडाचा घेर आणि उपयोग. ज्याचा उपयोग पटेल ते झाड वाचवायचं बघू, असं म्हणाले होते.

विभावरी मॅडम अंजनीला वर्गातच बसवणार होत्या. "बाहेर गाड्या आहेत बेटा. आम्ही लिहून आणू, मग तुला वाचून दाखवू."

"वाचून नको मॅडम, नेऊनच दाखवा," अंजनी म्हणाली. तिच्यापुढे कोणाचं चाललंय? नेलं तिला.

खरं तर मॅडमचं चित्त झाडांत नव्हतंच. त्यांच्या पर्समध्ये एक कागद होता. अंजनीला दुसऱ्या गावच्या हॉस्टेलच्या शाळेत पाठवायचा. तीन वर्षं पोरगी काठी टेकत एकटी शाळेत यायची, एकटी घरी जायची. गेल्या दिवाळीनंतर तिनं आजोबांचं बोट धरलं ते धरलंच. आजोबा म्हणजे बाबाराव, खमरियाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. आता त्यांचे गुडघे असे वाजत की ते निघाले की गल्लीतली कुत्री दोन मिनिटं आधीच बाजूला होत. त्यांच्यानं आता होत नव्हतं. घरात दुसरं कोणी रिकामं नव्हतं.

"घाबरून राहिली का गं?" असं तिला सगळ्यांनी विचारून झालं. ती मानेनंच नाही म्हणायची. जयाला मात्र एकदा म्हणाली होती, "मले कुठंच नाही जायचं. मले फक्त एकटीनं घरी जायचंय." मॅडमनी कागदावर लिहिलं, एकटी ये-जा करू शकत नाही. खोटं नव्हतंच ते. सही तेवढी राहिली होती, ती आज करायची होती.

ऊन असं की ऑटोवाल्यानं भोंगा दाबला तर आवाजाआधी वाफ बाहेर यायची. जया टेप धरत होती, श्रीरंग लिहीत होता. एका झाडाखाली सगळे अडले. नाव कोणालाच येईना.

"करंज आहे," अंजनी म्हणाली. "पायाखाली शेंगा फुटून राहिल्या ना, ऐका."

श्रीरंगनं मुकाट्यानं करंज लिहिलं. उपयोगाच्या रकान्यात लिहिलं, ऑक्सिजन. आधीच्या झाडालाही ऑक्सिजन, त्याच्या आधीच्यालाही ऑक्सिजन.

"अरे, झाडं आहेत का दवाखान्यातले सिलिंडर?" जया म्हणाली.

"मग तू सांग ना दुसरं काही!"

जया टेप घेऊन पुढच्या झाडाकडे गेली. अकरा झाडं झाली आणि चौक आला.

"चलो, संपलं," श्रीरंगनं फॉर्मची घडी घातली.

"एक राहिलं," अंजनी म्हणाली.

तिनं जयाचा हात सोडला. काठी टेकत चार पावलं गेली. थांबली. थोडी मागे आली आणि नव्या फरशीवर उभी राहिली.

"इथं."

"इथं काय आहे? नुसती फरशी आहे," श्रीरंग म्हणाला.

पण मुलांना आठवलं. तिथं पिंपळ होता. एवढा मोठा, की या फांदीवरचा कावळा त्या फांदीवर जायला निघाला तर वाटेत डबा उघडून जेवायचा आणि मग पुढं उडायचा. आणि बडबड्या तरी किती! आजूबाजूला वाऱ्याची एक झुळूक नसायची, सगळी झाडं चिडीचूप, आणि याची पानं आपली सळसळ सळसळ. शेजारच्या करंजानं म्हणे त्याच्याशी कट्टी केली होती. गेल्या दिवाळीनंतर दोन दिवसांत त्याला पाडला. तिसऱ्या दिवशी फरशी बसली.

मॅडमनाही आठवलं. जरा उशिरा आठवलं.

"अगं, पण तो तर गेला ना," त्या हळूच म्हणाल्या. "नसलेलं झाड कसं लिहायचं?"

"लिहा न मॅडम. खाली एक ओळ रिकामी आहे, जयानं सांगितलं मले."

श्रीरंगनं घडी उलगडली. नाव लिहिलं, पिंपळ.

"घेर?"

अंजनीनं दोन्ही हात पसरले. समोर काहीच नव्हतं, तरी तिनं ते अलगद गोल केले. "अशा माझ्या तीन मिठ्या."

"आणि उपयोग..." श्रीरंग थांबला. यावेळी त्यानं आपल्या मनानं काही लिहिलं नाही. "उपयोग काय लिहू, अंजनी?"

तिनं चेहरा वर केला. कान देऊन बराच वेळ उभी राहिली. स्कूटर गेल्या, ऑटो गेले. वर कोणीच बोललं नाही.

"लिही," ती म्हणाली, "शाळा सुटली की इथून मी एकटीच डावीकडे वळत होती."