भाऊसोंची पारख

"आबा, सावकाश ठोका. घाई न्हाय," प्रसेनजीत वडिलांना ओरडूनच म्हणाला. उचगावात हळू बोललेलं कुणाला पटत नाही. अकरा वर्षं बेंगळूरला काढूनही घरी आला की त्याचा आवाज चढायचाच.

भाऊसोंच्या पुढ्यात दहा पाती होती. बोटाएवढी, बाकदार. रडारला न सापडणाऱ्या लढाऊ विमानाच्या इंजिनातली. असलं इंजिन विमानाच्या पोटात दडवायचं, म्हणजे आतली धग विचारायला नको. चाचणीत पाती तडकत होती. आतली चीर शोधायला प्रत्येक खेपेला महिना जायचा. शुक्रवारी बैठक होती. झटपट उपाय दाखवला नाही तर प्रकल्पच गुंडाळणार होते, आणि त्याबरोबर प्रसेनजीतची अकरा वर्षंही.

भाऊसोंनी फौंड्रीत बत्तीस वर्षं ओतकामं पारखली होती. हातोडी मारायची, नाद ऐकायचा, फुटकं बाजूला टाकायचं. रिटायर होईपर्यंत मालकाचा मशीनपेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा.

पारूबाईंनी नवऱ्याच्या खांद्याला हात लावला आणि हातोडी पुढं केली.

टण. टण.

मुळातच अबोल माणूस. ठोकताना ते पात्याकडं नाही, लेकाकडं बघत होते. वर्षातून एकदा येणाऱ्या पोराला म्हातारा डोळे भरून पाहतोय, असं वाटून प्रसेनजीतला भडभडून आलं. महिनाभर तपासलेली पाती होती ती, त्यामुळं फुटकी कुठली हे त्याला ठाऊक होतं. पण त्यानं तोंडातून चकार शब्द काढला नाही.

भाऊसोंनी चार पाती बाजूला सारली.

नेमकी तीच चार.

"आबा!" प्रसेनजीत खुळ्यागत हसायला लागला. "महिन्याचं काम धा मिनिटात! आता बेंगळूरला चलायचं. साहेबांम्होरं ठोकून दावायचं."

"त्यास्नी कशाला वढतोस बाबा?" पारूबाईच घाईनं म्हणाल्या. "वय झालंय."

"आई, आता सगळं आबांवर हाय."

मोबाईलला रेंज मिळावी म्हणून तो कोपऱ्यावर पळाला. साहेबांनी दोनदा विचारलं, खात्री आहे ना? दोन्ही वेळा त्यानं छाती ठोकून हो सांगितलं. 'शुक्रवारी घेऊनच या,' साहेब म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

"आबा, साहेब हो म्हणाले!" तो उंबऱ्यातूनच ओरडला.

भाऊसो दाराकडं पाठ करून पाती फडक्यात बांधत होते. त्यांनी मान वळवली नाही. समोर बसलेल्या पारूबाई तोंडावर पदर धरून लेकाकडं बघत राहिल्या.

"तू खुणा करून इचारतीस म्हून सांगतो, पारू," भाऊसो खाली मान घालून म्हणाले. "कान जाऊन चार वर्सं झाली, मी काय ऐकणार? फुटक्या पात्यावर हातोडी आली की पोराचं तोंड पडत हुतं. ते बघून निवडली."