मोठा गुडघा

उंची वाढल्यामुळे ताईच्या मुलीच्या कृत्रिम पायाला आता आणखी मोठा गुडघा हवा होता आणि त्याची किंमत ऐकूनच ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो गुडघा जिथे बनायचा, त्याच कारखान्यात ताईची धाकटी बहीण इंजिनिअर होती. तिने त्याचं ड्रॉइंग खर्च काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. पडद्यावर आतला एक कोपरा लालभडक झाला. अर्ध्याहून जास्त खर्च एकट्या त्या कोपऱ्यावर होत होता.

"हा इतका टोकदार कशाला?" तिने मशीनवरच्या काकांना विचारलं.

"ड्रॉइंगमध्ये आहे म्हणून. बारीक हत्यार लावून कोरत बसावं लागतं."

"पण त्याचं काम काय?"

काकांनी डोकं खाजवलं. "तसं काहीच नाही!"

तिने ड्रॉइंगमध्ये तो कोपरा गोल केला. खर्चाचा आकडा धाडकन खाली आला. नमुना बनवून मजबुतीची चाचणी घेतली, तर गुडघा आधीपेक्षा भक्कम! काकांनी टाळीसाठी हात पुढे केला, पण ती फोनकडे धावली होती.

"ताई, निम्म्या किमतीत होतोय गुडघा! पुढच्या वर्षी लागेल तोसुद्धा!"

तेवढ्यात फोनवर ताईच्या मागून भाचीचा आवाज आला, "मावशी, म्हणजे आता मी उंच झाले तरी चालेल?"