मळ्यातलं मॉड्युलर किचन

घरात देवघराच्या खालोखाल पवित्र जागा कोणती, तर स्वयंपाकघर. देवरामांचं हे मत अगदी ठाम होतं आणि महिनाभरापूर्वीच झालेलं होतं. त्याआधी पाणी हवं असलं तरी ते उंबऱ्याबाहेरूनच हाक मारायचे.

गिरणाऱ्याजवळच्या मळ्यात त्यांचा मुलगा सोमनाथ टोमॅटो उत्तम पिकवत होता. लग्न तेवढं जमत नव्हतं. पहिल्या मुलीला शेती नको होती, दुसरीला शेतकरी. तिसरीच्या आईने निदान कारण तरी दिलं: ओटा फार जुनाट आहे. शेती बदलता येत नव्हती, ओटा येत होता. देवरामांनी सातपूरहून अमोलला बोलावलं. मॉड्युलर किचन बनवण्याचा त्याचा तिथे स्वतःचा कारखाना होता.

काम सुरू झालं तसे देवराम दारात खुर्ची टाकून बसू लागले.

"या ड्रॉवरला वजन किती पेलतं रे?"

"काका, यात चमचे ठेवायचेत. टोमॅटोची क्रेट नाही."

किचन झालं. ओझरचे पाहुणे घर बघायला येणार, असं ठरलं. मुलगी दीपमाला, बीकॉम. आदल्या दिवशी सोमनाथच्या आईने, नवसाबाईंनी, शंका काढली. "ते ड्रॉवर आपोआप मिटतात, ती चिमणी हात हलवला की चालू व्हती. मला नाय जमायचं दाखवायला. लय हसं व्हईल."

देवरामांना पटलं. त्यांनी दाखवायला अमोललाच बोलावून घेतलं.

अमोल इस्त्रीचा शर्ट घालून आला. सोमनाथ बैठकीत मुलीच्या वडिलांना टोमॅटोवरच्या करपा रोगाची माहिती देत बसला. आत दीपमाला एकेक कप्पा उघडून प्रश्न विचारत होती, अमोल उत्तरं देत होता. ती बराच वेळ बाहेर आली नाही, हे देवरामांना शुभलक्षण वाटलं.

"किचन सुरेख झालंय," मुलीची आई म्हणाली. "कोणी केलं?"

"हा आमचा अमोल. घरचाच समजा. निर्व्यसनी पोरगा, शब्दाला पक्का." पोराला आणखी एखादं काम मिळावं, एवढाच देवरामांचा हेतू होता.

आठवड्याभरात ओझरहून फोन आला. देवरामांनी स्पीकर लावला. सगळे जवळ सरकले.

"मुलीला पसंत आहे," मुलीचे वडील म्हणाले. नवसाबाईंनी ड्रॉवर उघडून देवापुढे ठेवायला साखरेचा डबा काढला. "चौकशी केली, पोरगा आपल्यातलाच निघाला. तुम्ही घरचाच म्हणालात, म्हणून आधी तुमच्या कानावर घालतोय. रविवारी अमोलच्या घरी बोलणी करायला जाऊ. मध्यस्थ म्हणून तुम्हीच चला."

फोन बंद झाला. नवसाबाईंच्या हातात डबा तसाच राहिला. देवराम बसायला मागे सरकले, मागे खुर्ची नव्हती. सोमनाथने उघडा राहिलेला ड्रॉवर एका बोटाने ढकलला. तो सावकाश, जराही आवाज न करता मिटला.

देवराम रविवारी बोलणीला गेले. पुढे लग्नालाही सहकुटुंब गेले, आहेर केला. किचनची हमी दहा वर्षांची आहे.