सुरळीत

बायकोच्या पोटातल्या बाळाच्या ठोक्यांची रेघ दवाखान्यातल्या मशीनमधून सरळसोट बाहेर आली आणि मेकॅनिकचा जीव भांड्यात पडला. काल हीच रेघ वेडीवाकडी नाचत होती, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बघ, कसं सुरळीत चाललंय!" तो बायकोला म्हणाला. "कालच्या इंजेक्शनानं पार ट्यूनिंगच केलं."

तिचा हात पोटावरच होता. "अहो, पण सकाळपासून ते हललंसुद्धा नाही," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

डॉक्टरबाईंनी कागद हातात घेतला. "ठोके चालू आहेत, पण त्यांचा वेग जरा वरखाली व्हायला हवा."

"म्हणजे कालचं ते नाचणं?"

"ते उत्तम होतं."

"मग आज बिघडलं?"

"तसंही नाही. बाळ लवकर जन्मलंच तर फुप्फुसं तयार असावीत म्हणून इंजेक्शन दिलं ना, त्यानं बाळ दोन-तीन दिवस सुस्तावतं. बहुतेक तेच असेल. बाळाचा रक्तपुरवठा ठीक आहे, म्हणून थांबू. पण रेघ पुन्हा हललीच नाही, तर बाळाला आत्ताच बाहेर काढावं लागेल. फार लवकर होईल ते."

मेकॅनिकचं डोकंच चालेना. औषध चांगलं, त्यानं बाळ गप्प, आणि ते गप्प राहिलेलं चालेल, पण फार दिवस नाही? गाडी मिसिंग मारायला, अडखळत चालायला लागली की लोक त्याच्याकडे आणत आणि तो ती गुळगुळीत करून देई. त्यावरच घर चाललं होतं. इथे म्हणे गुळगुळीतपणालाच घाबरायचं!

दुसऱ्या दिवशीही रेघ सरळच. बोनेटवर वाकावं तसा तो मशीनवर वाकून ठोक्यांचा आवाज ऐकत बसला. देवाकडे काय मागावं, तेही कळेना. शेवटी बायकोच्या पोटाजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाला, "बिघड रे बाबा जरा."

त्यानंतरच्या सकाळी आवाज अडखळला. मग धावला, पुन्हा मंदावला, पुन्हा धावत सुटला. कागदावर रेघ डोंगर काढू लागली.

"मिसिंग मारतंय!" मेकॅनिक एवढ्या मोठ्यानं ओरडला, की शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली. "मॅडम, या लवकर! काय मिसिंग मारतंय हो!"

त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. बायकोनं त्याचा काळपट हात ओढून पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली.

"दुरुस्त करायला जाऊ नका हं," ती म्हणाली.