सुटलेलं पथ्य

"लहानपणी तुम्हाला काही पथ्य होतं का?" डॉक्टर पाइकनी विचारलं.

लोरेटाला प्रश्नाचा रोखच कळेना. तिची मोनिका काल गेली होती, चार दिवसांची होऊन. मुठीएवढं डोकं, हृदयाला भोक. बाळ कशानं गेलं ते ऐकायला ती बसली होती आणि हा माणूस तिचं पथ्य विचारत होता.

"होतं. मासे, मटण, अंडी, दूध, काहीच चालायचं नाही. रक्तात काहीतरी जन्मजात दोष होता. दुधाऐवजी एक घाण वासाचं औषधी पेय प्यायचे. पण आठव्या वर्षी सुटलं ते. मेंदू वाढला, आता धोका नाही, असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले."

"तुमच्या मेंदूला धोका नव्हता," डॉक्टर हळूच म्हणाले. "दोष अजून तसाच आहे. मासे-अंडी खाल्ली की त्यातलं एक द्रव्य तुमच्या रक्तात साचत जातं. तुम्हाला जाणवत नाही. पोटातल्या बाळाला मात्र ते सोसत नाही, त्याची वाढ खुंटते. तेव्हा हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. मोनिकाचं स्वतःचं रक्त अगदी चांगलं होतं. ती दुसऱ्या कुणाच्या पोटात असती तर..."

ते थांबले. बोलून गेल्याचं त्यांना वाईट वाटलं.

 लोरेटाच्या डोळ्यांसमोर आई आली.

आठ वर्षं फिलोमेनानं पोटच्या पोरीच्या ताटात फक्त बटाटा आणि कोबी वाढला होता. कॉड माशावर जगणाऱ्या गावात! एकदा लोरेटानं भावाची ताटली चाटली. आईनं फाडकन तिच्या हातावर मारलं आणि मग स्वतःच चुलीमागं जाऊन रडत बसली. पथ्य सुटलं त्या दिवशी तिनं अख्खा मासा तळला. स्वतः घासही न घेता ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. तेव्हापासून तिचं खाऊ घालणं थांबलंच नव्हतं.

मोनिकाच्या वेळी सहाव्या महिन्यात गावची नर्स म्हणाली, बाळ अंग धरत नाहीये. झालं! फिलोमेना रोज सकाळी टेकडी चढून येऊ लागली. कॉडच्या तळलेल्या जिभा, उकडलेली अंडी, डब्याचं दाट दूध. "खा गं पोरी. तुझ्यासाठी नको, त्याच्यासाठी खा." लोरेटाला मळमळायचं. तरी ती खायची. मग नर्स म्हणायची, अजून वाढ नाही. मग आई दोन अंडी जास्त आणायची.

"पुढच्या खेपेला दिवस राहायच्या आधीपासून कडक पथ्य ठेवा," डॉक्टर म्हणाले. "बाळ ठणठणीत होईल. तुमची आई बाहेर बसलीय ना? तिलाही समजावून सांगू?"

"नको," लोरेटा म्हणाली. "तिला कधीच नको."

बाहेर फिलोमेना धडपडत उठली. शेजारी लियो होता, लोरेटाचा नवरा. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"काय म्हणाला गं?"

"देवाची मर्जी म्हणाला."

"देवाच्या माथी कशाला मारतो मेला? चिमणीएवढं खातेस तू. कंठशोष केला मी! पुढच्या खेपेला तुझ्या घरीच येऊन राहते. बघते कशी खात नाहीस!"

लोरेटानं मान वळवली. पार पश्चिमेला अल्बर्टात तेलाच्या कामावर जाऊ, माझा भाऊ बोलावतोय, असं लियो तीन वर्षं विनवत होता. आईला सोडून मी कुठं जायची नाही, असं तीच त्याला तोडून टाकायची.

"लियो, तुझ्या भावाला कळव. आपण येतोय."

लियो बघतच राहिला.

"वेड लागलं का तुला?" फिलोमेना म्हणाली. "चार हजार मैलांवर? तिथं तुला करून कोण घालणार?"

"माझं मी करीन."

"आणि मी?"

लोरेटा कोटाची बटणं लावू लागली. फिलोमेनानं दोन्ही हातांनी तिचा दंड धरला.

"म्हणजे आईच्या हातचं नको झालं तुला?"

त्या हातांत तोंड खुपसून लोरेटाला ओक्साबोक्शी रडायचं होतं. 

"हो," ती म्हणाली. "नको झालं."